खंडेनवमीची फुलं आणि पिस्तुलावरचा गंज



हे सदर सुरू केलं तेव्हा गळके नळ, करकरणारी गराजची दारं आणि न पेटणारे वॉटर हीटर एवढ्यावरच आमची लेखणी चालेल असं वाटलं होतं. या खेपेचा विषय जरा वेगळा आहे. काही मंडळी नाकं मुरडतील. पण दुरुस्ती ती दुरुस्तीच, आणि गंज काय, विळीवरही चढतो आणि पिस्तुलावरही.

आमच्याकडे एक पिस्तूल आहे. पॉइंट फॉर्टी-फाइव्ह, १९११ जातीचं. ज्या नमुन्याचं मूळ रेखाटन जॉन ब्राउनिंगचं आणि जो अमेरिकन लष्कराने १९११ साली स्वीकारला, तो. हे आम्ही विकत घेतलेलं नाही. एमएस करून पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा टूलरूममध्ये एक वयस्क फोरमन होते. आमच्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने फुल्या मारायचे आणि मग शेजारी बसवून चूक समजावून सांगायचे. मायक्रोमीटर कसा धरायचा हे आम्ही कॉलेजात नव्हे, त्यांच्याकडे शिकलो. हे गृहस्थ 'बुल्सआय' नेमबाज. पन्नास यार्डांवर दहा मिनिटांत दहा गोळ्या, मग पंचवीस यार्डांवर वीस सेकंदांत पाच आणि शेवटी दहा सेकंदांत पाच. सगळं एका हाताने, उभं राहून. दर उन्हाळ्यात ते कॅम्प पेरीला जात. ईरी सरोवराच्या काठी १९०७ पासून जिथे राष्ट्रीय सामने भरत आले आहेत, ते ठिकाण. एच-वन व्हिसावर असताना बंदुकीच्या वाटेला जाणं (शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर) कायद्यानेच बंद, त्यामुळे आम्ही नुसते प्रेक्षक. नागरिकत्व मिळाल्यावर मात्र त्यांनी धरून रेंजवर नेलं. ते गेले, आणि त्यांच्या पत्नीने रीतसर कागदपत्रं करून हे पिस्तूल आमच्या हाती दिलं. "त्यांनी तुझं नाव घेतलं होतं," एवढंच म्हणाल्या.

मंडळात हे कळल्यावर बरेच दिवस लोक आमच्याकडे जरा बिचकून पाहत. २०२४ साली कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसला रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं, तेव्हा कुठे तेच लोक "नेम कसा धरतात हो?" म्हणून विचारू लागले. राही सरनोबत यांनी तर २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलातच सुवर्ण मिळवलं होतं, पण तेव्हा कोणी विचारलं नव्हतं!

असो. गेल्या वर्षी आई मिरजेहून आली होती. खंडेनवमीला म्हणाली, "अरे, घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही?" आम्हालाही बरं वाटलं. मॅगझिन काढलं, चेंबर दोनदा तपासलं, तळघरातल्या आमच्या कुलपाच्या खोलीत पाटावर पिस्तूल ठेवलं. शेजारी व्हर्नियर, पान्यांचा संच आणि सौ.चा लॅपटॉप. आईने पळीने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची ओली फुलं ठेवली. उत्तरपूजा दसऱ्याला. म्हणजे ओली फुलं एक अख्खी रात्र स्लाइडवर. त्यात ऑक्टोबरातलं क्लीव्हलँड आणि दमट तळघर. दुसऱ्या दिवशी फुलं उचलली तर खाली तांबडे ठिपके!

आई कावरीबावरी झाली. "तुझे बाबा लेथवर आधी तेलाचा हात फिरवायचे, मगच कुंकू लावू द्यायचे. मी विसरलेच रे." खरं म्हणजे विसरलो आम्ही. मेकॅनिकल इंजिनिअर घरात कोण होतं?

तेलात भिजवलेल्या चार शून्य नंबरच्या स्टील वूलने ठिपके निघाले, पण खाली बारीक खड्डे राहिले. शिवाय पकडीच्या पुढच्या बाजूला जुना गंज होताच, आमच्या हाताच्या घामाचा. काही लोकांचा घाम लोखंडाला फार बाधतो, त्यांत आमचा नंबर वरचा. तेव्हा नुसती मलमपट्टी न करता नीट, टिकाऊ फिनिश करायचं ठरलं.

मूळचं फिनिश ब्लूइंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश सेल्सियसवर उकळणाऱ्या द्रावणात पोलाद बुडवतात आणि पृष्ठभागावर काळा ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, तयार होतो. लाल गंजाचाच सभ्य भाऊ म्हणा. दिसायला देखणा, पण थर इतका पातळ की मापात फरक पडत नाही आणि संरक्षणही फारसं मिळत नाही. खरं रक्षण करतं ते त्यावरचं तेल. बाबांना हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी लेथला तेल लागायचंच.

आता बाजारात कठीण थरांची कमी नाही. आमच्यातला इंजिनिअर लगेच तक्ते काढून बसला. सौ. म्हणाल्या, "अहो, एवढा विचार घर घेताना केला नव्हता." खरं आहे. पण इथे एक अडचण होती, आणि ती रंगाची किंवा पैशाची नव्हती. फोरमनसाहेबांनी स्लाइड आणि फ्रेम हाताने घासून एकमेकांत बसवली होती. पिस्तूल हलवलं तर खुट्ट आवाज नाही, आणि तरी स्लाइड लोण्यासारखी सरकते. आम्ही मोजलं तर रेल आणि खाच यांच्यात वरखाली मिळून मोकळीक जेमतेम दीड थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉन. मिरजेच्या वर्कशॉपातही हाच शब्द.

हार्ड क्रोम घ्या. कडकपणा रॉकवेल सी मापावर सत्तरीच्या आसपास, म्हणजे कानसही घसरते. थर साधारण पाव ते अर्धा थाऊ. ०.३ धरू. कागदावर नगण्य. पण फ्रेमच्या रेलला वरची आणि खालची अशा दोन बाजू, स्लाइडच्या खाचेलाही दोन. चार थर झाले, १.२ थाऊ. दीडमधून १.२ गेले की उरले ०.३. त्यात तेल आणि बारुदाची काजळी. पहिल्याच रॅपिड फायरला स्लाइड अडकणार. मग प्लेटिंगवाला म्हणणार, "रेल थोडी घासून देतो." तीस वर्षं जपलेली ती बसवण दहा मिनिटांत संपली!

सेराकोटसारखा भट्टीत भाजलेला सिरॅमिक रंग गंजाला उत्तम, पण एकेक थरच एक थाऊच्या घरात. बाहेरून ठीक, रेलवर नको. निकेलचा विजेशिवायचा, रासायनिक मुलामा आम्हाला मनापासून आवडतो. भोकाच्या आतही तो सारखा बसतो. क्रोम विजेने चढतो म्हणून कडा-कोपऱ्यांवर जास्त साचतो, तसं निकेलचं नाही. पण त्याला पूर्ण कडकपणा यायचा तर ४०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. नायट्रायडिंगच्या मीठकुंडात तर ५८० च्या जवळ. नव्या पिस्तुलांचे कारखाने ते गृहीत धरूनच पोलाद निवडतात. आमच्या जुन्या पिस्तुलाचं टेम्परिंग कोणत्या अंशाला झालं होतं ते सांगायला फोरमनसाहेब नाहीत. टेम्परिंगच्या वर तापवलं की पोलाद मऊ पडतं. हा जुगार आम्ही खेळलो नाही. डीएलसी, म्हणजे हिऱ्याच्या जातीचा कार्बनचा थर, दोन-तीन मायक्रॉनचाच. मापात बसला असता, पण त्याने खड्डे झाकत नाहीत आणि खर्च ऐकून सौ.नी नुसतं पाहिलं.

शेवटी एका जुन्या गनस्मिथने तोडगा सांगितला. नवा नाही, सामन्यांत हे पूर्वीपासून चालत आलं आहे. "हात लागतो तो फ्रेमला. तेवढीच क्रोम कर. स्लाइड परत ब्लू कर." हिशोब केला. दोन थर, ०.६. दीडमधून ०.९ उरतात. चालतंय!

काम देताना तीन गोष्टी आम्ही लिहूनच दिल्या. स्प्रिंगा कुंडात जायच्या नाहीत, कारण प्लेटिंग करताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक भाग ठिसूळ होतात. फ्रेमही नंतर १९० अंशांना काही तास भाजायची, ती याच कारणासाठी. पॉलिश करताना नंबराला बफ लावायचा नाही. नंबर पुसलेलं हत्यार बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा, आणि "आईने फुलं वाहिली होती" हा कोर्टात बचाव होत नाही. आणि स्लाइडच्या सपाट बाजू चाकावर नव्हे, ठोकळ्याला कागद लावून लांबीच्या दिशेनेच घासायच्या. नाहीतर कडा गोल होतात, अक्षरं वितळल्यासारखी दिसतात. वरच्या गोलाईवर खड्डे होते तिथे बारीक मणी मारून मॅट करायचं.

घरी हे करू नका, हे वेगळं सांगायला नको. क्रोमच्या कुंडातला सहा-संयुजी क्रोमियम कॅन्सर देतो आणि ब्लूइंगचं द्रावण उडालं तर कातडी जाते. परवानाधारक माणसाकडेच द्या.

आठ आठवडे लागले. पार्सल उघडताना हात जरा कापत होता. स्लाइड काळीभोर, फ्रेम दुधी करडी. आधी रेल मोजली, मग स्लाइड चढवली. सरकली. थोडी घट्ट, पण सरकली. दोनशे गोळ्यांनंतर पूर्वीसारखी.

मग नीट पाहिलं. पकडीच्या पुढच्या बाजूची बारीक चौकटींची नक्षी मधल्या बोटाखाली झिजून सपाट झाली आहे, त्यांच्या हाताने, आमच्या नव्हे. गनस्मिथने विचारलं होतं, ती पुन्हा धारदार कापून देऊ का म्हणून. आम्ही नको म्हटलं होतं. क्रोम खालचं झाकत नाही, जसंच्या तसं उमटवतो. तो सपाट भाग तसाच आहे, नुसता करडा झाला.

या वर्षी खंडेनवमीला आईचा मिरजेहून फोन आला. "तेल लावलंस का आधी?" लावलं होतं. क्रोमलाही बारीक चिरा असतात, त्यालाही तेल लागतंच. फूल एकच ठेवलं, कोरडं, आणि तेही पाटावर.

पुढच्या अंकात, दोन वाचकांच्या आग्रहाखातर, उन्हाळाभर पेट्रोल तसंच ठेवल्याने तुंबलेला स्नो ब्लोअरचा कार्बुरेटर.