वाघाला सफारी, आम्हाला थीम पार्क?

नागपूरजवळ गोरेवाड्याला २६ जानेवारी २०२१ रोजी मोठ्या प्राणिसंग्रहालयाची सफारी सुरू झाली. प्रकल्पाची जागा १,९१४ हेक्टर. वाघ, बिबटे, अस्वलं, नीलगायी कुंपणाच्या आत मोकळ्या, माणसं मात्र गाडीत बंद. पिंजऱ्यापेक्षा हे बरं, एवढं आम्हीही मानतो.

उद्घाटनाच्या वेळी नावावरून वाद झाला. गोंडवानाचं नाव द्या, अशी आदिवासी संघटनांची मागणी होती. ती चूक नव्हती. सरकारने बाळासाहेब ठाकऱ्यांचं नाव दिलं आणि सांगितलं, की तिथे गोंडवाना थीम पार्क करू, गोंडांची संस्कृती लोकांना दाखवू. आपल्यातल्या काहींना हे पटलं. आम्हाला पटत नाही. का, ते सांगतो.

बिनगजाच्या प्राणिसंग्रहालयाची सुरुवात जर्मनीत झाली. कार्ल हागेनबेक हा जनावरांचा व्यापारी. त्याने १९०७ मध्ये हाम्बुर्गजवळ गज काढून खंदक खोदले. सिंह मोकळा दिसायचा, पण खंदक ओलांडता येत नसे. ही पद्धत पुढे जगभर गेली. पण याच माणसाने त्याआधी, १८७४-७५ च्या सुमारास, जनावरांसोबत माणसंही दाखवायला आणली होती. उत्तरेकडे रेनडिअर पाळणारे सामी लोक, त्यांची बायकापोरं, त्यांचे तंबू. शहरातले लोक तिकीट काढून बघायला यायचे. माणसं खरी होती, सामान खरं होतं. फक्त रान त्यांचं नव्हतं.

थीम पार्क म्हटलं की आम्हाला हे आठवतं.

आता दुसरं उदाहरण बघा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. म्हणजे जवळपास गोरेवाड्याएवढीच जागा. तिथे तिकीट नाही, खंदक नाही. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, ते ग्रामसभा बसून ठरवते. जंगल राखणारेही तेच, त्यावर जगणारेही तेच.

आपली संस्कृती अशा ठिकाणी असते. मोह वेचायला पहाटे निघणं, तेंदूचा हंगाम, पेनठाण्यावरची पूजा, हे सगळं जंगलातच होतं. झोपडी शहराजवळ नेऊन बांधता येईल, भिंतीवर चित्रंही काढता येतील. पेनठाणा कसा नेणार?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. शहरातल्या लोकांनी वाघ बघावा, त्याला आमची ना नाही. आम्हाला मात्र बघू नये, आमचा हक्क मान्य करावा. ज्या गावांचे दावे अजून भरलेले नाहीत, त्यांनी येत्या ग्रामसभेत विषय घ्यावा, वनहक्क समितीला बसवावं, नमुना 'ग' भरावा, आणि दाखल केल्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

जय सेवा! जय जोहार!