उष्णतेच्या खाती

आमच्याकडे कुणाचे तोंड आले की त्याचा निकाल घरातल्या घरात, आणि तोही एका शब्दात लागतो: उष्णता. मग गुलकंदाची बरणी फळीवरून खाली उतरते, जाईचा पाला चघळावयास मिळतो, रात्री फोडावर तुपाचे बोट फिरते. आणि आठ-दहा दिवसांत फोड आपल्या मुदतीने भरून आले, म्हणजे ते श्रेय बिनदिक्कत गुलकंदाच्या खाती जमा होते. परंतु दर महिन्या-दोन महिन्यांनी जे तोंड पुनःपुन्हा येते, त्याचा खुलासा गुलकंदापाशी नसतो.

माझ्या काकूचे तसे होई. मेथीची भाजी पंक्तीला वाढून ती सर्वांच्या मागून जेवावयास बसे, तेव्हा कढईत लसणाच्या दोन पाकळ्या आणि तेलाचा ओशटपणा उरलेला असे. दूध मुलांचे, दही पाहुण्यांचे. आठवड्यातून दोन उपास, त्यांना साबुदाणा. आणि कसल्याही जेवणावर चहा, जो अन्नातले लोह पुरते अंगी लागू देत नाही. तिच्या उष्णतेवर घरात पुष्कळ खल झाला. तिच्या ताटाची चौकशी कोणी केली नाही, मीही नाही.

तोंडाच्या आतले अस्तर फार वेगाने झिजते आणि तितक्याच वेगाने नवे होते. त्या घडणीला लोह, फोलेट आणि बी-१२ यांचा पुरवठा अखंड लागतो. बी-१२ दूध, दही, अंडी, मासळी यांतून मिळते, वनस्पतीतून जवळजवळ नाहीच. फोलेटच्या शोधाची वाट तर मुंबईवरूनच गेली: ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली येथे आल्या, गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचा पंडुरोग आणि त्यांचे निकृष्ट जेवण यांचा संबंध तपासू लागल्या, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बाया सुधारतात असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य पुढे १९४१ मध्ये पालकातून वेगळे निघाले, म्हणून त्याचे नावही लॅटिनमधल्या पानावरून पडले.

सारा दोष आहारावर लादणे मात्र अन्यायाचे होईल. आनुवंशिकता, चिंता, दाताची टोचणारी कड, क्वचित गव्हाचे न सोसणे, हीही कारणे असतात. म्हणून औषधाच्या दुकानातून पिवळ्या गोळ्यांचे पाकीट आणून गिळण्यापेक्षा आधी रक्त तपासावे, हे बरे. बी-१२ची उणीव असता नुसते फोलिक अॅसिड घेतले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला, हे प्रकरणच निराळे. तो विनाविलंब डॉक्टरांस दाखवावा.

काकूचे रक्त तपासले गेले ते उतारवयात, भलत्याच कारणाने. हिमोग्लोबिन सात निघाले. तो कागद तिने घडी घालून पोथीत ठेवला आणि दुपारी पुन्हा सर्वांच्या मागून पानावर बसली.