गृहारोग्य : इसब आणि आपले गैरसमज

अध्यापनाच्या दीर्घ काळांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतील एक मला आजही बोचते. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या कोंपरांच्या खळग्यांत व गुडघ्यांच्या मागें खरबरीत चट्टे असत. तो सदैव खाजवी. इतरांस लागेल या भीतीनें मीं त्यास वेगळ्या बाकावर बसविलें. पुढें एका डॉक्टर स्नेह्यांनीं सांगितलें कीं, तो इसब होता, आणि इसब स्पर्शानें कोणासही लागत नाहीं. तोंपर्यंत वर्ष संपलें होतें. त्या मुलानें तें एकट्यानें काढलें. मुलाचें अंथरूण वेगळें, सुनेचा पंचा वेगळा, असे प्रकार आपल्या घरांतून अजूनही आढळतात. म्हणून आजचा विषय हा.

या भीतीचें एक मूळ शब्दांत आहे. चरकसंहितेंत अठरा कुष्ठें सांगितलीं आहेत. सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें. त्या अकरांतील विचर्चिका म्हणजेच इसब, असें वैद्य सामान्यतः मानतात. परंतु तेथें ‘कुष्ठ’ या शब्दाचा अर्थ त्वचेचे विकार असा व्यापक आहे. आज आपण ज्यास महारोग म्हणतों, तो नव्हे.

मग इसब ओळखावा कसा? तान्ह्या मुलांत तो बहुधा गालांवर व डोक्यावर, मोठ्या मुलांत सांध्यांच्या वळणांवर, आणि भांडीं-धुणें करणारांच्या हातांवर दिसतो. त्वचा कोरडी पडते, खाज फार सुटते, कधीं लस येते, व पुढें त्वचा जाड होते. सांवळ्या अंगावर लाली ठळक दिसत नाहीं. चट्टा काळपट वा करडा भासतो. घराण्यांत दमा असल्यास इसबाचा संभव अधिक. गजकर्णाचा चट्टा याहून निराळा : वाटोळा, कड उंचावलेली व मध्य निवळलेला. खरूज बोटांच्या बेचक्यांत सुरू होते, रात्रीं छळते, आणि एकाच वेळीं घरांतील अनेकांस होते. हे दोन मात्र स्पर्शानें पसरतात.

निरोगी त्वचा विटांच्या भिंतीसारखी असते. पेशी या विटा, व त्यांमधील स्निग्ध पदार्थ हा चुना. इसबांत हा चुना ढिला पडतो. आंतील ओलावा निघून जातो व बाहेरचे क्षोभक पदार्थ आंत शिरतात. कित्येक रोग्यांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकांत दोष असतो, हें २००६ सालीं उघडकीस आलें. तेव्हां हा दोष अस्वच्छतेचा नव्हे, कीं आईच्या हयगयीचाही नव्हे. उलट, अति घासण्यानेंच तो बळावतो.

यास्तव स्नान कढत पाण्यानें न करतां कोमट पाण्यानें, पांच-दहा मिनिटांत उरकावें. उग्र साबण, उटणें व डाळीचें पीठ वर्ज्य करावें. अंग हळुवार टिपून, तें ओलसर असतांनाच पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचें स्निग्ध मलम भरपूर लावावें. दिवसांतून निदान दोनदां, चट्टे नसतांनाही. नखें कापलेलीं व कपडे सुती असावे. भांडीं घासतांना सुती अस्तराचे रबरी हातमोजे घालावे. आणि हात फुटलेल्या सुनेचें तें काम कांहीं दिवस दुसऱ्यांनीं वाटून घ्यावें, ही औषधाहून कमी गोष्ट नव्हे. लिंबू किंवा लसूण चोळूं नये, त्वचा भाजते. डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून मुलाचें दूध बंद करूं नये.

चट्टा भडकल्यास डॉक्टर स्टेरॉइडचें मलम देतात. त्यास भिऊन तें अर्धवट टाकूं नये, आणि सांगितल्याहून अधिक दिवस लावूंही नये. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढें, म्हणजे सुमारें अर्धा ग्रॅम मलम, दोन तळहातांएवढ्या जागेस पुरतें. दुकानदारास विचारून आणलेलें मिश्र मलम मात्र लावूं नये. चट्टा गजकर्णाचा असल्यास त्यांतील स्टेरॉइडनें तो फोफावतो. पिंवळी खपली, पू, ताप, किंवा एकाएकीं उठलेले दुखरे फोड दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें.

बाल्यांतील इसब पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर ओसरतो. परंतु पंक्तींतून उठविल्याची आठवण सहसा ओसरत नाहीं. ज्याच्या अंगास खाज आहे, त्यास आपल्या शेजारीं बसवावें. तो मुलगा आज मला भेटता, तर मीं त्याची क्षमाच मागितली असती.