रानवाटेची मात्रा रोज घ्या

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी आसनगाव स्टेशनवर कसारा लोकलमधून पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मंडळी उतरतात आणि माहुलीची वाट धरतात. "यांना काही कामधंदा नाही," असे म्हणून आपण बाजारापर्यंत जायलाही रिक्षात बसतो. वाचकहो, चूक कोणाची?

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून रानातून नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी वाट सातवाहनांच्या काळापासून, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे, माणसांच्या पायांनी मळलेली आहे. त्या लोकांना व्यायाम म्हणून वेगळे चालावे लागत नव्हते. आपल्याला लागते, कारण मधुमेह आणि रक्तदाब आता शहरापुरते राहिलेले नाहीत.

पण वर्षातून एकदा माहुली चढणे हा व्यायाम नव्हे, ती अभ्यासाविना दिलेली परीक्षा आहे. गड सुमारे २८०० फूट उंच आहे. चढताना हृदयावर ताण येतो, उतरताना गुडघ्यांवर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. दोन-तीन महिने हे जमले की मग डोंगराचे नाव काढावे.

चाळिशी उलटलेल्यांनी आणि रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. लांब चालीत रक्तातली साखर एकदम उतरू शकते. छातीत दाटून आले तर "गॅस असेल" म्हणून पुढे रेटू नये. तिथेच थांबून बसावे आणि सोबत्यांना मदत मागवायला सांगावे. पाणी घरून न्यावे, ओढ्याचे न उकळता पिऊ नये. बंद बूट आणि काठी हवीच. साप चावलाच तर जखम कापू नये, दोरी आवळू नये, भगताकडे वेळ घालवू नये. चावलेला हातपाय हलू न देता रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. विषावर उतारा असलेली लस तिथेच मिळते.

माहुली कुठे पळून जात नाही. उद्या सकाळी बाजाराला तेवढे पायी जा.