विश्लेषण : दुर्मीळ स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला सुटे भाग का मिळत नाहीत?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत ‘पियाजिओ’च्या कारखान्यात तीनचाकी ‘अॅपे’ बनते आणि ‘अॅप्रिलिया आरएस ४५७’ ही स्पोर्ट्स मोटारसायकलही. अॅपेची पिस्टन रिंग तालुक्याच्या गावातल्या दुकानात मिळते. पण ‘डीसी अवंती’सारख्या मोजक्या संख्येने बनलेल्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला इंजिनाच्या गॅस्केटसाठीही परदेशाकडे पाहावे लागते. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल (ई-२०) देशभर आल्यापासून ही अडचण वाढली आहे.

अवंतीचे इंजिन कोणाचे?

दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी डिझाइन’ने २०१२च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात अवंती सादर केली. गाडीचे रूप भारतीय, पण इंजिन रेनॉचे : दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो, सुमारे २५० अश्वशक्ती. त्यात गैर काही नाही. नवे इंजिन विकसित करण्याचा खर्च छोट्या उत्पादकाला झेपत नाही, त्यामुळे जगभरातले असे उत्पादक इंजिन विकतच घेतात. गोची वेगळीच आहे. हे इंजिन रेनॉच्या ज्या ‘मेगान आरएस’मुळे ओळखले जाते, ती गाडी भारतात विकलीच गेली नाही. मग रेनॉच्या इथल्या सेवा केंद्रांनी त्याचे भाग ठेवावेत तरी कशासाठी?

टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, ऑइल फिल्टर हे भाग मूळ इंजिनाचेच असल्याने क्रमांक हाती लागला की युरोपातून मागवता येतात. वेळ आणि पैसे जातात इतकेच. खरा पेच इंजिन गाडीत बसवण्यासाठी केलेल्या भागांचा असतो. अवंतीत इंजिन चालकाच्या पाठीमागे आहे. त्यामुळे इंजिनाचे माउंटिंग, कूलंटचे पाइप, एक्झॉस्ट, वायरिंग हे सारे या गाडीपुरतेच. मूळ गाडीच्या पुस्तिकेत ते सापडणार नाहीत.

कारखाने जवळ असून उपयोग का नाही?

बारामतीतच भारत फोर्जचा कारखाना आहे. पण फोर्जिंगच्या धंद्याचे गणित संख्येवर चालते. क्रँकशाफ्टसाठी आधी डाय बनवावी लागते, मग प्रेस लावावा लागतो. तो खर्च हजारो नगांवर वाटला तर एका नगामागे किरकोळ ठरतो आणि दहा नगांवर वाटला तर गाडीपेक्षा भाग महाग होतो.

आरएस ४५७ने याच गणितातून वाट काढली. दोन सिलिंडरचे ४५७ सीसीचे तिचे इंजिन ३५ किलोवॉट शक्तीचे आहे आणि हीच युरोपातील ‘ए-२’ परवान्याची कमाल मर्यादा. म्हणजे भारतात चार लाखांच्या घरातल्या या मोटारसायकलीला गिऱ्हाईक मर्यादित असले, तरी बारामतीहून ती निर्यात होते. पुढे ‘टुओनो ४५७’लाही हेच इंजिन मिळाले. एक इंजिन अनेक देशांत, एकाहून अधिक गाड्यांत चालले की त्याचे भाग बनवणे परवडते. अवंतीच्या खास भागांना असा आधारच नव्हता.

ई-२०चा संबंध काय?

सोमेश्वर, माळेगाव, कर्मयोगी अशा कारखान्यांच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात इथेनॉल हा आता साखरेइतकाच महत्त्वाचा विषय आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य देशाने २०२५मध्ये गाठले. ऊस उत्पादकासाठी ही चांगली बातमी, पण जुन्या इंजिनांतील काही प्रकारच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. नळ्या, सील फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांत ई-२०ला टिकणारे साहित्य आहे. आरएस ४५७ त्यानंतरची. अवंतीचे इंजिन मात्र ज्या युरोपात घडले, तिथल्या सर्वसाधारण पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच असते.

काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि ते स्वस्तात होते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये म्हटले. लाखोंनी विकल्या गेलेल्या गाडीबाबत ते पटण्यासारखे आहे. पण जो भाग बाजारातच नाही, त्याचा स्वस्तपणा काय कामाचा? शिवाय इंधनाची नळी गळली तर प्रश्न खर्चाचा राहत नाही. तापलेल्या टर्बोजवळ पेट्रोल सांडणे म्हणजे आगीला आमंत्रण.

मग मालकाने करायचे काय?

रबरी भागांचे त्यातल्या त्यात सोपे आहे. ओ-रिंग आणि नळ्या मापावर मिळतात. इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरोकार्बन रबराच्या (बाजारातले नाव विटॉन) मागून घ्याव्यात, साध्या नव्हेत. झिजलेला क्रँक घासून पाव मिलिमीटर कमी मापाचे बेअरिंग बसवणे किंवा सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन टाकणे ही कामे मुरलेला इंजिन कारागीर करतो. एखाद-दुसरे ओतकाम हवे असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरची जुनी परंपरा आहे. इंजिनाच्या संगणकाचे, म्हणजे ईसीयूचे काय? तो बिघडला तर लेथवर दुरुस्त होत नाही आणि त्यातील प्रोग्रॅमची प्रत कोणी जपून ठेवली नसेल तर नवा आणूनही इंजिन नीट चालेलच असे नाही.

कायद्याचा आधार किती?

सुटे भाग खुल्या बाजारात न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. ‘दुरुस्तीचा हक्क’ या संकल्पनेसाठी केंद्राने २०२२मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतले. ही सारी व्यवस्था भाग बनवणारी कंपनी हयात आहे, असे धरून चालते. उत्पादन बंद झालेल्या मोजक्या गाड्यांचे आराखडे कोणाकडे राहावेत, हा प्रश्न त्यात अजून आलेला नाही. सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी झाला. भाग मिळाला, तर तेवढी बचत.