तक्रार कोणाकडे करायची?

सैन्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? २६ जानेवारीचं संचलन, बर्फात पहारा देणारा जवान, कडक इस्त्रीचा गणवेश आणि शिस्त. हे चित्र खरंच आहे. पण त्याच गणवेशाच्या आत, शत्रूकडून नव्हे तर स्वतःच्याच तुकडीतल्या माणसाकडून, स्त्रियांवर आणि पुरुषांवरही लैंगिक अत्याचार होतात, हे आपण सहसा बोलत नाही. बोललं तर लगेच कोणीतरी म्हणतं, "सैन्याबद्दल असं लिहू नये, जवानांचं मनोधैर्य खचतं." मला विचाराल तर ज्या सैनिकाला आपल्याच सार्जंटची भीती वाटते, त्याचं मनोधैर्य कधीच खचलेलं असतं!

या लेखात मी मुख्यतः अमेरिकेचं उदाहरण घेते आहे. जगात सगळ्यांत वाईट परिस्थिती तिथेच आहे म्हणून नाही. तिथे हे प्रकार मोजले गेले, त्यावरून संसदेत भांडणं झाली, कायदा बदलला आणि ही सगळी हकिकत कागदोपत्री उपलब्ध आहे, म्हणून.

सुरुवात १९९१ पासून करू. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लास वेगासच्या एका हॉटेलात नौदल आणि मरीन कोअरच्या वैमानिकांचं 'टेलहुक' नावाचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना उभं राहून अधिकाऱ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना पकडलं, ओढलं, त्यांच्या अंगावर हात टाकले. त्यात लेफ्टनंट पॉला कॉफलिन ही स्वतः हेलिकॉप्टर पायलट असलेली, एका अॅडमिरलची सहायक अधिकारीही होती. तिने तक्रार केली, पण बरेच महिने काही हललं नाही. १९९२ मध्ये ती नाव-चेहऱ्यानिशी लोकांसमोर आली तेव्हा कुठे खळबळ उडाली आणि नौदलाच्या सचिवांना राजीनामा द्यावा लागला. संरक्षण खात्याच्या चौकशीत ८३ स्त्रिया आणि ७ पुरुषांवर हल्ले झाल्याचं निघालं. आणि कोर्ट मार्शलमध्ये गुन्हा किती जणांवर शाबीत झाला? एकावरही नाही. दोन-तीन वर्षांत कॉफलिननेच नौदल सोडलं.

त्यानंतर दर काही वर्षांनी तेच. १९९६ मध्ये मेरिलँडच्या अॅबरडीन प्रशिक्षण केंद्रात ड्रिल सार्जंटच आपल्या शिकाऊ मुलींवर अत्याचार करत असल्याचं उघड झालं (त्यातल्या एकाला पुढच्या वर्षी २५ वर्षांची शिक्षा झाली). २०१२ च्या सुमारास टेक्सासच्या लॅकलँड हवाईतळावर पुन्हा तसंच प्रकरण. प्रत्येक वेळी वरिष्ठांचं ठरलेलं वाक्य, 'अजिबात खपवून घेतलं जाणार नाही.' मग पुढची पाच-सात वर्षं शांतता.

असं का व्हावं? कायदा नव्हता का? होता की! अमेरिकन लष्कराची न्यायसंहिता १९५० मध्येच झाली आणि त्यात बलात्कार हा गंभीर गुन्हाच होता. अडचण वेगळीच होती. आरोपीवर खटला चालवायचा की नाही, हे ठरवायचा त्याच विभागाचा वरिष्ठ कमांडर. हा माणूस वकील नसतो, न्यायाधीश नसतो. खटल्यात ज्युरी म्हणून कोण अधिकारी बसणार, हेही तोच ठरवायचा. आणि ज्युरीने दोषी ठरवलं तरी तो निकाल रद्द करायचा अधिकार पुन्हा त्यालाच!

आता आपण सगळे इंजिनीअरिंगचे. ज्या मशीनची टेस्ट घ्यायची, त्याच मशीनला स्वतःचा रिपोर्ट लिहायला सांगितलं तर रिपोर्ट कसा येईल? कमांडरच्या हाताखाली गुन्हा घडला म्हणजे त्याच्या रेकॉर्डवर डाग. आरोपी बहुधा कामात तरबेज, त्याच्या रोजच्या ओळखीचा. तक्रार करणारी नवखी, कालच आलेली. यात कमांडर दुष्टच असला पाहिजे असं नाही. चांगला माणूससुद्धा अशा जागी बसवला तर त्याचा तराजू थोडा कलतोच.

आणि तक्रार करणारीचं काय? हॉस्टेलवर राहणाऱ्याला हे फार समजावून सांगायला नको. ज्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं तो त्याच इमारतीत, त्याच मेसमध्ये, त्याच टेबलावर. आपण निदान शनिवारी बॅग उचलून घरी जाऊ शकतो. सैनिकाला तेही नाही. नोकरी सोडून जाणं हाच तिथे गुन्हा असतो. सुट्टी, बढती, बदली, सगळं त्याच साखळीच्या हातात. २०१२ च्या सर्वेक्षणात, तक्रार नोंदवलेल्या स्त्रियांपैकी ६२ टक्क्यांनी सांगितलं की त्यानंतर आपल्याला कुठल्या ना कुठल्या प्रकारे त्रास दिला गेला. मग बाकीच्या गप्प बसल्या तर नवल काय?

मग साध्या कोर्टात दाद मागावी? तो दरवाजाही बंद. १९५० च्या फेरेस खटल्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ठरवून टाकलं की सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही. २०११ मध्ये अत्याचार झालेल्या काही आजी-माजी सैनिकांनी दोन माजी संरक्षणमंत्र्यांवर दावा लावला, तेव्हा याच विचाराच्या आधारे तो फेटाळला गेला आणि २०१३ मध्ये अपिलातही तेच झालं. म्हणजे काय, तर बलात्कार हीसुद्धा 'सेवेच्या ओघात झालेली इजा' झाली! कायद्याची भाषा कधी कधी इतकी थंड असते की वाचताना अंगावर काटा येतो.

थोडे आकडे पाहू. अमेरिकन संरक्षण खात्याच्या निनावी सर्वेक्षणावरून २०१२ या एका वर्षात अंदाजे २६,००० सैनिकांवर लैंगिक अत्याचार झाले. नोंदलेल्या तक्रारी मात्र ३,३७४. साधारण आठात एक. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कोणाला खरी वाटत नाही. त्या २६,००० मध्ये निम्म्याहून अधिक पुरुष होते. टक्केवारीत स्त्रियांना धोका कितीतरी जास्त, पण सैन्यात पुरुषच बहुसंख्य असल्यामुळे आकड्यात ते पुढे. तेव्हा 'बायकांना सैन्यात घेतलं म्हणून असं होतं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा. हा प्रश्न वासनेपेक्षा सत्तेचा जास्त आहे. रॅगिंगमध्ये जे घडतं त्याचंच हे भयंकर रूप.

२०१३ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या अमेरिकन हवाईतळाच्या एका प्रकरणाने ठिणगी पडली. तिथल्या एका लेफ्टनंट कर्नलला ज्युरीने दोषी ठरवून एक वर्षाची कैद आणि बडतर्फी सुनावली होती. एका जनरलने सहीच्या एका फटकाऱ्यात तो निकाल रद्द केला. कायद्याने त्याला तो अधिकार होताच. लोक भडकले. त्याच वर्षाच्या शेवटी झालेल्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत निकाल फिरवण्याचा कमांडरचा अधिकार काढला, तक्रारदारावर सूड उगवणं हा गुन्हा ठरवला आणि पीडितांना स्वतःचा वकील मिळण्याची सोय पक्की केली. पण खटला भरायचा की नाही, ही मूळ किल्ली कमांडरच्याच खिशात राहिली. ती काढून घेण्यासाठी सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड यांनी विधेयक आणलं. मार्च २०१४ मध्ये त्याला ५५ मतं मिळाली, लागत होती ६०. पाच मतांनी गाडी अडली ती सात वर्षं.

त्या सात वर्षांत व्हेनेसा गियेन गेली. टेक्सासच्या फोर्ट हूड तळावरची सैनिक. वय वीस, म्हणजे माझ्याच एवढी. आपला छळ होतोय हे तिने घरच्यांना सांगितलं होतं. २२ एप्रिल २०२० ला ती तळावरूनच बेपत्ता झाली आणि जूनच्या अखेरीस तिचे अवशेष सापडले. ज्याच्यावर खुनाचा संशय होता त्या सैनिकाने अटकेआधीच आत्महत्या केली. छळ करणारा वरिष्ठ हा त्याच्याहून वेगळा माणूस होता. पण लष्कराच्याच चौकशीत नंतर निघालं की तिच्या छळाची गोष्ट वरिष्ठांच्या कानावर गेली होती आणि त्यांनी काही केलं नव्हतं. त्या वर्षी डिसेंबरमध्ये तळावरच्या चौदा अधिकाऱ्यांना पदावरून हटवलं किंवा निलंबित केलं गेलं.

तिच्या आईने आणि बहिणींनी रस्त्यावर उतरून जे केलं, ते मोठमोठ्या समित्यांना जमलं नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला. बलात्कार, लैंगिक हल्ला, खून, घरगुती हिंसा अशा गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय कमांडरकडून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांच्या कार्यालयाकडे दिला गेला. २८ डिसेंबर २०२३ पासून ही कार्यालयं कामाला लागली. टेलहुकपासून मोजलं तर बत्तीस वर्षं!

यावर विरोधकांचा मुद्दा असा की कमांडरचे अधिकार काढले तर शिस्त मोडेल. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. युद्धात ज्याचा हुकूम मानायचा त्याच्या हाती शिक्षेची ताकद हवी, हे मान्य. पण ब्रिटनने २००६ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांचे निर्णय स्वतंत्र अभियोग कार्यालयाकडे दिले. त्यांच्या सैन्याची शिस्त काही कोसळली नाही. उशिरा हजर झालेल्या जवानाला कमांडरने खुशाल शिक्षा करावी. बलात्कार ही शिस्तीची बाब नाही, तो गुन्हा आहे.

अर्थात नुसता कायदा बदलून भागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॅनडात लष्करी अभियोक्ता आधीपासूनच कमांडरपासून वेगळा होता. तरी २०१५ मध्ये माजी न्यायमूर्ती मारी देशाँ यांच्या अहवालाने तिथलं सगळं वातावरणच किडलेलं असल्याचं दाखवलं आणि २०२२ मध्ये दुसऱ्या माजी न्यायमूर्ती लुईज आर्बर यांनी असे गुन्हे सरळ नागरी कोर्टांकडेच द्या, अशी शिफारस केली. अमेरिकेतही अंदाजित आकडा २०२१ मध्ये सुमारे ३६,००० पर्यंत चढला आणि २०२३ मध्ये २९,००० च्या आसपास उतरला. पण नवी कार्यालयं सुरू झाली २०२३ च्या अगदी शेवटी, तेव्हा ही घट त्यांच्या खात्यावर मांडता येणार नाही. कायद्याने भीतीची बाजू बदलते. टिंगलटवाळी, 'इतकं काय मनावर घ्यायचं' ही वृत्ती बदलायला रोजचं वागणं बदलावं लागतं.

आता आपल्या घरात डोकावू. आपला आर्मी अॅक्टही १९५० चाच. त्याच्या कलम ७० प्रमाणे जवानाने साध्या नागरिकावर बलात्कार केला, तर युद्धसेवा, परदेश किंवा ठरावीक सीमाचौकी सोडून इतरत्र खटला फौजदारी कोर्टातच चालतो. पण पीडित व्यक्ती स्वतःच लष्करी कायद्याखाली असेल तर हे संरक्षण नाही. तेव्हा कोर्ट मार्शल की फौजदारी कोर्ट, हे कलम १२५ प्रमाणे आधी ठरवतो वरचा लष्करी अधिकारी. मॅजिस्ट्रेटला हरकत घेता येते आणि मग निर्णय केंद्र सरकारकडे जातो, पण पहिला शब्द गणवेशाचाच. अमेरिकेने जी किल्ली बत्तीस वर्षांनी काढून घेतली, तिचीच ही बहीण!

हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने लष्करातल्या स्त्रियांच्या पर्मनंट कमिशनचा मार्ग मोकळा केला. २०२१ च्या आदेशाने एनडीएचे दरवाजे उघडले आणि मे २०२५ मध्ये आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. इंजिनीअर मुलींसाठी टेक्निकल एंट्री आहेच. उद्या आपल्याच हॉस्टेलमधली एखादी तिथे असेल. शाब्बास म्हणून तिला पाठवताना, तिच्यावर प्रसंग आला तर तक्रार कोणाकडे करायची, याचं नीट उत्तर तिच्या हातात नको?

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. पीडित व्यक्ती सैन्यातली असली तरी बलात्काराचा खटला फौजदारी कोर्टातच चालावा. तक्रारदाराला पहिल्या दिवसापासून स्वतःचा वकील मिळावा. आणि तिन्ही दलांत निनावी सर्वेक्षण करून त्याचे आकडे दरवर्षी संसदेपुढे ठेवावेत. यात जगावेगळं काही मागितलेलं नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने आपल्या कॉलेजच्या समितीवरसुद्धा बाहेरची एक व्यक्ती बसवली आहे, ती याचसाठी. घरातल्या भांडणाचा निवाडा घरातल्याच माणसाने करू नये, एवढं साधं तत्त्व आहे.

देशासाठी जीव द्यायला जे तयार होतात, त्यांना निदान आपल्याच लोकांपासून तरी अभय मिळालं पाहिजे. हे मागणं म्हणजे सैन्याचा अपमान नव्हे. ज्यांना सैन्याबद्दल खरा आदर आहे, त्यांनीच ते सगळ्यांत आधी मागायला हवं.

— टी. ई. (मेकॅनिकल), मुलींचे वसतिगृह