हे चित्र त्यांचं? छे, काहीतरीच!

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं. चित्रात एक खोली आहे. पलंगावर आजारी बाई पडलेली. शेजारी खुर्चीवर बसून डॉक्टर तिची नाडी बघताहेत. पलीकडे एक ख्रिस्ती संन्यासिनी लहान मुलाला कडेवर घेऊन उभी. सगळं अगदी हुबेहूब. सांगा बघू, कुणाचं हे चित्र?

पिकासोचं! हो, तोच पिकासो, ज्याच्या चित्रांत नाक एकीकडे आणि डोळे भलतीकडेच असतात. ‘विज्ञान आणि करुणा’ हे चित्र त्याने १८९७ साली काढलं, तेव्हा तो अवघा १५ वर्षांचा होता. डॉक्टर म्हणून त्याने चक्क आपल्या वडिलांनाच बसवलं होतं. आज ते बार्सिलोनाच्या पिकासो संग्रहालयात आहे.

अशी कोडी आपल्याकडेही आहेत बरं का! दिल्लीला इंडिया गेटजवळ राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते १९५४ साली सुरू झालं. तिथे जामिनी रॉय यांची चित्रं आहेत. मोठाले, लांबट डोळे, जाड काळी रेघ, मोजके सपाट रंग. एकदा पाहिलं की विसरत नाही. पण त्याच संग्रहात त्यांची सुरुवातीची निसर्गचित्रंही आहेत, थेट युरोपातल्या चित्रकारांच्या वळणाची! जामिनीबाबू कलकत्त्याच्या कलाशाळेत तेच शिकले होते. तैलरंगात लोकांची व्यक्तिचित्रं काढून ते पोट भरत. हातात चांगली कला होती, पण मन भरेना. मग ते बंगालच्या खेड्यांतल्या लोकचित्रांकडे वळले.

तिथेच अमृता शेरगिलचीही चित्रं आहेत. तिचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे येतात सावळ्या, शांत भारतीय बायका. पण १९३२ सालचं तिचं ‘तरुण मुली’ बघा. पॅरिसमध्ये काढलेलं, रंग आणि धाटणी पूर्ण युरोपीय. त्यातली एक मुलगी म्हणजे तिची बहीण इंदिरा. पुढे अमृता भारतात आली. १९३६ च्या अखेरीस तिने आपली अजिंठ्याची लेणी पाहिली आणि १९३७ सालची तिची चित्रं बघावीत, तर आकार, रंग, सगळंच पालटलेलं!

आणि आपल्या शेजारच्या नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे? त्यांच्या प्रसिद्ध चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसते रंगाचे थर आणि त्यातून झिरपणारा उजेड. पण त्यांच्या आरंभीच्या चित्रांत माणसं होती! २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ही जुनी चित्रंही मांडली होती. माणसांपासून नुसत्या रंगापर्यंत ते कसे पोचले, हे त्यामुळे कळतं.

आता विचार करा. ‘हे काही त्यांच्यासारखं नाही’ म्हणून ही चित्रं कुणी फेकून दिली असती तर? आपल्याला वाटलं असतं, मोठे चित्रकार जन्मतःच आपली शैली घेऊन येतात. आधी एक वाट चालायची, ती पुरेशी वाटली नाही की दुसरी धुंडाळायची, हे कळलंच नसतं.

तुमच्या चित्रकलेच्या वहीत काय असतं? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि नारळाचं झाड! भंडाऱ्याच्या मुलांनो, खिडकीबाहेर तर धानाच्या बांध्या आहेत, बोडी आहे, मोह आहे. कुणीतरी ते काढून बघतं. बोडीतलं पाणी जमत नाही. शेजारचा म्हणतो, ‘हे तुझं वाटतच नाही!’ आणि टर्रकन पान फाटतं.

ते पान फाडू नका. त्याच्यामागे तारीख घाला, आपलं नाव लिहा आणि एका जुन्या फाइलीत ठेवा. वर्षभराने ती फाइल उघडा. सगळ्यात वेगळं चित्र कोणतं, ते शोधा आणि पुढचं चित्र तिथूनच सुरू करा.

मग, आजच काढणार ना आपली बोडी?